पाठ करून बसलेल्या बाईंना

बाई,

लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेल्याचं मला कळलं तेच मुळी वर्ष उलटून गेल्यावर. तुमच्या मावशीचं घर उतरवायला तुमचा भाचा आला होता, तो कौलं खाली देता देता सहज बोलून गेला. तेव्हाच लिहायचं मनात आलं होतं. पण मेलेल्या माणसाला कोणी लिहितं का, लिहिलं तर घरातली माणसं काय म्हणतील, कागद कुणाच्या हाती लागला तर काय, या काळजीत वर्षं गेली. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. आता ऐंशी जवळ आली. उजवा हात अजून कापतो आणि ओळ संपेपर्यंत अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक ओळ सोडून लिहितो आहे आणि प्रत्येक अक्षराला ‘मोठं हो’ असं बजावतो आहे. माझं शिक्षण मराठी चौथीचं, त्यात पुढे हे दुखणं, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

लिहायचं कारण असं, की परवा माझ्या मुलाने चाकाची खुर्ची आणली. आमच्या देवबागेत आता घरोघरी मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरतात, त्यानेही मागच्या अंगाला खोल्या काढल्या आहेत. मी रोज सकाळी घरापासून देवळाच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जातो आणि परत येतो. टपाल काही टाकायचं नसतं, पण माणसाला कुठवर जायचं ते ठरलेलं असावं म्हणून पेटी. गेल्या आठवड्यात परतताना वाटेत अडकलो आणि पाहुण्यांच्या गाडीसमोर गुडघ्यावर बसलो. लागलं काही नाही. पण मुलगा म्हणाला, “बाबा, तुमी पावण्यांच्या समोर पडलास तर लोक काय म्हणतले? खुर्ची आसा, तर बसा.” मी म्हटलं, “जिवंत आसय तवसर मी त्येच्यात बसूचंय नाय. मेल्यावर खंय बसवचां तां बसव.” तो म्हणाला डॉक्टरांनीच सांगितलं आहे. डॉक्टर शहाणा आहे, गोळ्या चांगल्या देतो, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याने मला स्टुलावर बसलेलाच पाहिला आहे. खुर्चीवर बसणाऱ्यांना मी हसत नाही, ज्याला पाय नाहीत त्याला ती पाय आहे. मला पाय आहेत. ते कधी कधी ऐकत नाहीत, एवढंच. माझे पाय चालताना नीट पाहणारं माणूस जन्मात एकच भेटलं, आणि ज्या दिवशी खरं पाहायला हवं होतं त्या दिवशी तेच माणूस पाठ करून बसलं. ते पुढे लिहितोच.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. मी बाविशीच्या आतबाहेर, रापणीवर जाणारा. सबंध गाव किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं काढायचा, आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, हा नियम. मग तो ताप आला. ताप उतरला तेव्हा उजवं अंग कापायला लागलं आणि पाय चालता चालता मध्येच जमिनीला चिकटायला लागले. वरचं अंग पुढे जायचं, पाय मागे, आणि मी तोंडावर पडायचो. आई मला पेला तोंडाला लावून पाणी पाजायची. रापणीवर मला कोणी बोलवेना. आणि एक दिवस देवळात गाऱ्हाणं घालणारे घाडीकाका आमच्या ओटीवर येऊन माझ्याकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “ह्यां दुखणां न्हय. हो अवसर. देवान ह्येका झाड केल्यान.” आमच्याकडे देव ज्याच्या अंगात येतो त्याला झाड म्हणतात, आणि झाड कापतं ते देवाच्या वाऱ्याने. झालं. त्या दिवसापासून मी दुखणेकरी नव्हतो. सोमवारी मला धूतवस्त्र नेसवून पाटावर बसवायचे, माणसं नारळ घेऊन यायची, पाया पडायची, प्रश्न विचारायची. रापण लागली की माशांचा एक ढीग आपोआप आमच्या दारात येऊन पडायचा. देवाचा वाटा. मी दोराला हातही लावलेला नसायचा.

मी ढोंग केलं असं तुम्हाला त्या वेळी वाटलं असेल तर आज ठासून सांगतो, मी ढोंग केलं नाही. देव आला असं माझ्या तोंडून कधीच गेलं नव्हतं. ते त्यांनी ठरवलं. ज्या माणसाला कालपर्यंत लोक वळसा घालून जात होते त्याच्या पायाशी आज नारळ ठेवतात, तर त्याने ‘नको’ का म्हणावं? माझ्या आईची मान कितीतरी महिन्यांनी वर झाली होती.

तुम्ही त्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीसाठी आला होतात. मावशीचा खुबा मोडला होता आणि ती आता कायमची खाटेवर, असं गावाने धरलं होतं. तुम्ही तिला पहिल्या दिवसापासून उभी केलीत आणि ती शिव्या देत देत तुमच्या खांद्याला धरून खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, फिरायला लागली. गावात बातमी अशी, की मुंबईच्या इस्पितळातली मालीशवाली बाई आली आहे. कोणीतरी तोंडावर म्हणालं तेव्हा तुम्ही तडकलात, “मी मालीश करत नाही. मी शिकवते. माझ्या हाताखाली मुलं शिकतात, माणसांना परत हलायला कसं लावायचं ते.” त्यावर मावशी खाटेवरून म्हणाली, “होय तर, प्रोफेसर आसा ती. आयशीन सांगलेला कधी ऐकूक नाय, आता लोकांच्या पायांक सांगता.”

मग तो सोमवार. आमची ओटी भरलेली, एक म्हातारी हरवलेल्या म्हशीचं विचारत होती, आणि तुम्ही येऊन रांगेत बसलात. मला वाटलं मावशीच्या खुब्याचं विचारणार. तुमची पाळी आली. तुम्ही म्हणालात, “देवाला एवढंच विचारायचं आहे, की हा मुलगा स्वतःच्या हाताने पाणी कधी पिणार?” माझ्या कानांतून धूर निघाला. मी ओरडलो, “तुका कित्या व्हयी ही पंचायत?” आणि घाडीकाकांनी डोळे मिटूनच, सवयीने, खणखणीत आवाजात साथ दिली, “होय म्हाराजा!” सगळी ओटी फसकन हसली. म्हशीवाली म्हातारीसुद्धा. देवाच्या कामात अशी हसण्याची वेळ कधी आली नव्हती. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्याने उठलात आणि म्हणालात, “राग येतो, म्हणजे माणूस आत जागा आहे. उद्या सकाळी येते.”

सकाळी आलात. मला वाटलं हात-पाय दाबून बघाल, डोळ्यांत बत्ती घालाल. तुम्ही नुसतं “चाल” म्हणालात आणि शेणाने सारवलेल्या खळ्यात खाली बसून माझे पाय पाहत राहिलात. बाजारात मासा घेताना बायका कल्ला उचलून बघतात, तसं बारीक. मी खळ्याच्या मध्यावर अडकलो. मग तुम्ही मला घरात जायला सांगितलंत आणि मी उंबरा सहज ओलांडून गेलो. परत बाहेर बोलावलंत, परत उंबरा ओलांडला, परत सपाटीवर अडकलो. “सपाटीवर अडतोस आणि उंबऱ्यावर नाही. असं का?” “देवाक म्हायत,” मी म्हटलं. “देवाला काल विचारलं. तो चिडला.” मला हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही.

मग पायरीवर बसून तुम्ही आईला आणि मला जे सांगितलंत ते मला शब्दशः आठवतं असं मी म्हणणार नाही, पण मतलब पक्का आठवतो. हा अवसर नाही, आजार आहे. तापाने मेंदूतली एक वाट खराब केली आहे, पायाला जाणारी हाक मध्ये अडते. तुमच्याकडे मुंबईला अशी माणसं येतात. एका कारकुनाची बोटं जेवताना ठीक असतात आणि टाक धरला की आवळतात. एका शिंप्याची मान त्याला न विचारता खांद्याकडे वळते. “मी त्यांना बरं करत नाही,” तुम्ही म्हणालात. “एक वाट बंद झाली तर दुसरी कुठे आहे, ते मी आणि ती माणसं मिळून शोधतो.” आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. तिने विचारलं, “देव गेलो तर मगे रवता काय गो बाय? कापरांच मां?” तुम्ही तोवर सगळं पुस्तकी बोलत होतात. तेव्हा पहिल्यांदा आमचं बोललात, मुलाला ‘झील’ म्हणून. “कापरां रवता. आणि तुझो झील रवता गे.”

माझी आई त्या दिवशी जेवली नाही. मीही चिडलो होतो. देवाला सगळे विचारतात, कापणाऱ्याला कोण विचारतं? तुमचं काय, तुम्ही सुट्टी संपली की बोटीत बसून जाणार. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही माडाच्या झावळीचे हीर, खराट्याला लावतात त्या काड्या, काढून आणलेत आणि दारापासून विहिरीपर्यंत खळ्यात एकेका पावलाच्या अंतरावर आडवे मांडलेत. “प्रत्येक हीर म्हणजे उंबरा. जमिनीवरून चालू नकोस, उंबरे ओलांड.” आणि बाई, मी चाललो. दारापासून विहिरीपर्यंत मी न अडकता चाललो आणि विहिरीचा काठ धरून उभा राहिलो. आई आत होती, तिने पाहिलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतंही.

गावाने मात्र ते हीर पाहिले आणि गावाचा पक्का समज झाला, की मुंबईच्या बाईने देवाला बांधून ठेवायला करणी केली आहे. नाहीतर दारासमोर असल्या रेघा कोण मांडतो? आमच्या खळ्यातून किनाऱ्याकडे जायची पायवाट होती. ती माणसं मागच्या निवडुंगातून जायला लागली, लुंग्या फाडून घेत, पण हीर कोणी ओलांडेना. घाडीकाका आले ते हिरांच्या पलीकडेच उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी उलटं गाऱ्हाणं घातलं. तुम्ही म्हणालात, “काका, आत या, चहा घ्या.” “आधी तां उचल.” “तो चालला की उचलीन.” शेवटी तुम्ही कपबशी घेऊन अलीकडे उभ्या, काका पलीकडे, आणि त्यांनी कंबरेत वाकून, पाय मागे ठेवून, हात लांबवून हिरांवरून चहा घेतला. चहा चांगला झाला होता असंही म्हणाले. कोंबड्या तेवढ्या खुशाल इकडून तिकडे जात होत्या.

आईने तीन दिवस खळं झाडलं नाही. झाडायचं तर हिरांना हात लावावा लागणार. मग एका सकाळी मी उठायच्या आधी खराट्याचा आवाज आला. बाहेर पाहिलं तर आईने खळं लख्ख केलं होतं आणि वाकून एकेक हीर परत जागेवर मांडत होती. आदल्या संध्याकाळी विहिरीकडे जाताना तिने मला दारातून पाहिलं असावं. एक हीर वाकडा होता तो तिने दोन वेळा सरळ केला. तुम्ही जाताना तिला सांगून गेलात, की हळूहळू एकाआड एक हीर काढायचा, आणि ती ते देवाच्या कामासारखं करत राहिली. पाणी कोपर गुडघ्यावर टेकवून प्यायचं तुम्ही शिकवलंत. ते मी आजही तसंच पितो.

वळणं मात्र जमत नव्हतं. विहिरीशी पोचलो की मागे फिरताना पाय गुंतायचे. शिमगा झाल्यावर तुम्ही परत आलात तेव्हा माझ्या कपाळावर खोक होती. तुम्ही विचारलंत, “होडी कशी वळवतोस?” मी म्हटलं, “लांबसून. वळसो घेवन.” “जागच्या जागी नाही फिरवत?” “होडी जाग्यार फिरवली तर उलाटतली मां!” तुम्ही नुसतं माझ्या पायांकडे बघितलंत. मला कळलं. मी विहिरीला लांबून वळसा घातला, खाडीच्या तोंडाशी होडी घालावी तसा, आणि सरळ घराकडे चालत आलो. त्याच दिवशी मी ठरवलं, रापणीवर जायचं.

रापणीचा तांडेल, सगळ्यांवर हुकूम सोडणारा म्होरक्या, म्हणजे काय माणूस हे तुम्ही पाहिलंत. किनारा हलवील असा आवाज. तो ऐकेना. “देवाक रापणीत खंय घालू? देवाच्या हातातसून दोर सुटलो तर गाळी तरी कोणाक घालू?” त्याचंही खरं होतं. रापण शिव्यांवर चालते. आणि त्याच दुपारी आमच्या दारात नेहमीसारखा माशांचा ढीग येऊन पडला. मी तो टोपलीत भरला, आई नको नको म्हणत असताना डोक्यावर घेतला, आणि किनाऱ्यावर जाऊन सगळ्यांच्या देखत मोठ्या ढिगावर ओतला. हात कापत होते, अर्धे मासे वाटेत सांडले होते. म्हटलं, “माका देवाचो वाटो नको. माझो व्हयो. गाळी घाल, पण दोर दी.” माझ्या आयुष्यात मी एवढं धाडसाचं दुसरं काही बोललो नसेन. घाडीकाका तिथेच होते. ते समुद्राकडे बघत राहिले. तांडेल म्हणाला, “फाल्यां सकाळी ये. पडलंस तर उचलूक कोणी येवचो नाय.”

आमचे लोक समुद्राकडे तोंड करून, उलटे चालत दोर ओढतात. मला उलटं चालवत नव्हतं, मागे कोसळायचो. तुम्ही तोड काढलीत, की मी दोर खांद्यावरून घेऊन, समुद्राकडे पाठ करून, सरळ वर चालत ओढायचं. वर पोचलं की दोर सोडायचा, वळायचं, आणि खाली पाण्याशी जाऊन परत धरायचा. सगळं त्या वळण्यावर होतं. मी विचारलं, “तुमी रवतलास मां थंय?” तुम्ही म्हणालात, “वर उंडलीच्या झाडाखाली बसते.”

मी दोर खांद्यावर घेतला. वाळूतून चढताना मान वर केली आणि तुम्हाला शोधलं. तुम्ही उंडलीखाली होतात. पाठ करून. गावाकडे तोंड करून बसला होतात, निळं लुगडं, मानेवर अंबाडा, जसं काही किनाऱ्यावर काहीच चाललेलं नाही. बाई, मी तो क्षण पन्नासहून अधिक वर्षं सांभाळून ठेवला आहे. मी वर पोचलो, दोर सोडला, आणि अडकलो. डोळ्यांसमोर तुमची पाठ आणि वाळूत माझे पाय खुंटासारखे. मागून दुसरा माणूस दोर ओढत वर येत होता. मला हाक मारायची होती, पण कुणाच्या पाठीला हाक कशी मारायची? तेवढ्यात खालून तांडेलाचा आवाज आला, “मेल्या, थंय काय खुंटो मारलंस? दोर कोण तुझो आजो ओढतलो? खाली ये!”

कोणीतरी मला शिवी दिली होती. देवाला कोणी शिवी देत नाही, आणि दुखणेकऱ्याला तर मुळीच नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी जागेवर वळायचा विचार सोडला, उंडलीच्या दिशेनेच पाऊल टाकलं, मोठा वळसा घेतला, इतका मोठा की तुमच्या पाठीमागून मी जवळजवळ हात लांबवण्याच्या अंतरावरून गेलो, आणि तसाच खाली पाण्याशी जाऊन दोर धरला. तुम्ही वळला नाहीत. जाळं लागेपर्यंत मी वर-खाली करत राहिलो. पडलोही. कोणी उचललं नाही, मीच उठलो. शेवटी ढीग लागले तेव्हा इतरांच्या रांगेत एक ढीग माझा होता, इतरांच्याएवढाच.

त्यातले चांगले बांगडे निवडून मी तुमच्या मावशीच्या स्वयंपाकघरात घेऊन आलो. हात असा कापत होता की बांगडे टोपलीत उड्या मारत होते. मावशी म्हणाली, “अजून जिते आसत काय रे?” तुम्ही आडाळ्यावर बसून नारळ खवत होतात. मी उभ्यानेच विचारलं, “पाठ करून कित्या बसलास?” तुम्ही खवणं न थांबवता म्हणालात, “मी बघत बसले असते, तर तू माझ्यासाठी चालला असतास. मी परवाच्या बोटीने जाणार. मग कोणासाठी चालशील?” तिरफळं घातलेल्या त्या बांगड्यांचा वास अजून नाकात आहे. तुम्ही आग्रह करून वाढलंत, आणि मी रागातच जेवलो.

पुढे गोवा सुटला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात तुम्ही मला मुंबईला बोलावलंत, तुमच्या वर्गात. मी कोट उसना आणला होता. बाकांवर मुलं-मुली बसलेली, वह्या उघडलेल्या. तुमच्या बरोबरीचे एक मोठे डॉक्टर होते, ते म्हणाले, “जरा चालून, अडकून दाखव.” मला आमच्या दशावतारातल्या सोंगाची आठवण झाली. मी म्हटलं, “अडकणं मी दाखवत नाही. चालणं बघायचं असेल तर बघा.” ते चिडले. मला वाटलं आता तुम्हीही रागावणार, बोलावलेलं वाया गेलं. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि मुलांना म्हणालात, “लिहून घ्या. माणूस नाही म्हणाला, की तपासणी संपली.” फळ्याकडे तोंड होतं, पण तुमचे खांदे हलत होते. तुम्ही हसत होतात, बाई. तुमच्या पाठीवरून मला ते कळलं. मग मी स्वतःहून सबंध वर्गाला वळसा घालून चालून दाखवलं. तीच आपली शेवटची भेट.

तर तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. मी रागातच देतो, तुम्हाला पटलं नाही तर नका घेऊ. तुम्ही म्हणालात कोणासाठी चालशील, जसं काही माणसाने नुसतं आपल्यासाठीच चालायला हवं. मी आईसाठी चाललो, ती हीर सरळ करायची म्हणून. तांडेलाच्या शिवीसाठी चाललो. लग्न झालं तेव्हा बायकोने बाजारातून परतताना एकदाही हात पुढे केला नाही, तिच्यासाठी चाललो. आणि तुम्ही बघत असता तर तुमच्यासाठीही चाललो असतो, त्यात काय बिघडलं असतं? तुमचं शास्त्र मोठं असेल, पण या एका गोष्टीत मी तुमचं ऐकत नाही.

इथवर लिहून कागद उशीखाली ठेवला होता. आज मुलगा पाहुण्यांना आणायला मालवणला गेला, तसा पाकिटात घालून खिशात ठेवला आणि निघालो. सून दारात आली. “बाबा, खंय चल्लास?” म्हटलं, “पेटयेत पाकीट टाकूक.” “माझ्याकडे द्या, मी टाकतंय.” “पाय माझे आसत, पाकीट पण माझांच.” तिने नुसतं खुर्चीकडे बघितलं. मी काठीने वाळूत रेघ ओढायची, ती ओलांडायची, असं करत गेलो. एक पाहुणा म्हणाला, “काका, मदत करू का?” त्याला म्हटलं, “बाजूला व्हा, तेवढी पुरे.” देवळाच्या कोपऱ्यावर अडकलो. मनातल्या मनात तांडेलाची शिवी आठवली आणि सुटलो. पेटीशी पोचलो. पाकिटावर पत्ता नव्हता, तो काय घालणार? हात पेटीवर टेकून उभा राहिलो आणि पाकीट परत खिशात घातलं. मग पेटीला लांबून वळसा घेऊन वळलो, तर थोड्या अंतरावर सून. मी वळलेला पाहून तिने चटकन माझ्याकडे पाठ केली आणि शेजाऱ्यांच्या कुंपणावरची अबोली खुडायला लागली. तिच्या केसांत अबोली मी कधी पाहिलेली नाही. मी तिच्या मागून, काही न दिसल्यासारखा, मान ताठ ठेवून गेलो.

एक मात्र कबूल करतो. ती मागून येते आहे हे मला आमच्या वाटेच्या पहिल्या वळणापासून ठाऊक होतं. तिची चप्पल वाजते. म्हणूनच आज मी एवढा ताठ गेलो. रोज इतका ताठ जात नाही.

म्हणून विचारतो, बाई. त्या दिवशी उंडलीखाली तुम्ही सबंध वेळ पाठ करूनच बसला होतात, की मी खाली पाण्याशी दोर धरायला वाकलेला असताना एकदा तरी वळून बघितलंत? खुर्ची अजून दारामागे आहे आणि मला उद्या पुन्हा निघायचं आहे. एवढं एकच कळवा, आणि लवकर कळवा.